साडूंच्या राज्याची टीम

"पळ बे, पळ! अरे पोट्ट्या, बॉल तिकडं चालला नं! तू उभा राहून काय पाहून राह्यला?"

मैदानाच्या कडेला केशरी जर्सी घालून, म्हणजे जर्सीत जेवढे मावतील तेवढे मावून, बेंबीच्या देठापासून ओरडणारे हे गृहस्थ माझे साडू. सामना सुरू होऊन जेमतेम बारा मिनिटं झाली होती आणि त्यांच्या जुन्या कॉलेजवर दोन गोल चढले होते. शेजारी मान खाली घालून उभा होतो तो मी. मान खाली का, तेही सांगतो; पण आधी साडू सांगितले पाहिजेत.

विदर्भाचं वेगळं राज्य व्हायचं तेव्हा होईल. माझ्या साडूंनी ते वीस वर्षांपूर्वीच स्थापन केलंय आणि त्याची राजधानी विश्रांतवाडीत, एका सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. त्या राज्याचं फळ संत्रं, हवामान सत्तेचाळीस अंश आणि सैन्य म्हणजे त्यांच्या कॉलेजची फुटबॉल टीम. एप्रिलमध्ये सगळं पुणं पंख्याखाली आडवं झालेलं असताना हे आमच्या नारायण पेठेतल्या घरी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून येतात आणि म्हणतात, "तुमच्याकडं गारठा लय हाये, भाऊ." हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ते रोज दोन तास अडकतात. त्या दोन तासांत त्यांनी अख्ख्या बसला ही टीम इतकी पाठ करून दिली, की फुटबॉल आपल्याच मालकीचा आहे असं समजणाऱ्या एका बंगाली इंजिनिअरने तीन महिन्यांत बदली मागून घेतली.

स्वतः साडू त्या टीममध्ये राखीव होते. माझ्या लग्नात त्यांनी सांगितलं तेव्हा ते अंतिम सामन्यात सात मिनिटं खेळले होते. माझ्या मुलीच्या बारशापर्यंत त्यांची सतरा झाली. गेल्या दिवाळीच्या फराळापर्यंत ते पूर्ण सामना खेळून, विजयी गोल मारून, जखमी होऊन लोकांच्या खांद्यावरून बाहेर आले होते. अर्थात मला हसायचा अधिकार नाही. कॅरमच्या स्पर्धेत मी उपांत्य फेरी गाठली होती, हे मीही चारचौघांत सांगतो. समोरच्या तिघांना गोवर निघाला होता, ते सांगत नाही.

त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त शिक्षक. त्यांनी एकदा शांतपणे विचारलं होतं, "अहो, ही टीम खरोखर आहे, की अकराही जण आपणच?" साडूंना ते फार लागलं. म्हणून, पुण्यातल्या एका स्पर्धेत तीच टीम खेळायला येतेय आणि पहिलाच सामना इथल्या कॉलेजशी आहे, हे कळलं तेव्हा त्यांनी सेक्रेटरींसह अख्ख्या सोसायटीला मैदानावर बोलावलं. वीस वर्षांच्या बोलण्याची इभ्रत त्या एका दुपारी पणाला लागली होती.

आणि इथेच साडूंमधला वऱ्हाडी यजमान जागा झाला. सामना साडेतीनला, आणि यांनी सोळाच्या सोळा पोरांना बाराला घरी जेवायला बोलावलं! मेहुणी म्हणाली, "अहो, मॅच झाल्यावर घाला की जेवायला." साडू म्हणाले, "उपाशी पोटानं आमचा विदर्भ लढत नाही." मी पुणेरी समंजसपणाने काही बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे."

पोरं अख्खी रात्र रेल्वेत चिवड्यावर काढून आली होती. दाराबाहेर सोळा जोड बूट आणि आत पाटवडीचा रस्सा, गोळाभात, हाताएवढ्या जाड पुरणपोळ्या आणि पोळी बुडेल एवढी तुपाची वाटी. वाढायला मी होतो. आमच्या घरात आग्रह म्हणजे "नको ना?" असं विचारणं. पण त्या दिवशी माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. साडू मागून "वाढा भाऊ, वाढा! पोट्टा लाजून राह्यला!" म्हणत होते आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच, दुसऱ्याच्या तुपावर, उदार होत होतो. गोलकीपर सहाव्या पोळीला हात जोडत होता. मी त्याला माझी शपथ घातली. माझी! ज्याला ते पोर तासापूर्वी ओळखतही नव्हतं. शेवटी त्याने नऊ खाल्ल्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. साडू कौतुकाने म्हणाले, "ध्यान लावून राह्यला."

मैदानावरही तो ध्यानातून बाहेर आला नाही. तिसऱ्या गोलाला तो बॉल उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला; दोघांनी येऊन त्याला सरळ केलं. आमचे बचावपटू बॉलला वाट देत होते, जशी आपण लग्नात वाढप्याला देतो. चौथ्या गोलानंतर साडूंचा आवाज बंद झाला. मला वाटतं, त्यांच्या जन्मानंतर प्रथमच. सामना संपला तेव्हा सात-शून्य झालं होतं. मी भीत भीत सेक्रेटरींकडे पाहिलं. ते फक्त म्हणाले, "आहे बरं का टीम," आणि सोसायटीला घेऊन निघून गेले.

साडू पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन पोरांकडे गेले. जर्सीतला माणूस एकदम लहान दिसत होता. मी मागे उभा राहिलो, कारण त्या सातातले तीन-चार गोल तरी माझ्या हातच्या पोळ्यांचे होते. कॅप्टन गवतावर बसून बुटाची नाडी सोडत होता. साडू त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"माह्यामुळं हरले रे तुम्ही," ते म्हणाले. "मीच जेवू घातलं तुमाले. इतक्या लोकांसमोर, माह्याच हातानं..."

कॅप्टनने एक बूट काढला, उलटा करून माती झटकली.

"नाई काका," तो म्हणाला. "आमी दरसाली पयल्याच मॅचमधी हरतो. यंदा जेवून हरलो."