सिंधूचं भूत होऊ न देणारी आत्या

कमलआत्या काल गेली.

आणि आज सकाळी एका हॉरर सिनेमाच्या डायरेक्टरने तिच्यासोबतचा सेल्फी टाकून लिहिलंय, 'आमच्या टीमवरचा मायेचा हात हरपला.'

मायेचा हात म्हणे. तिने त्याला शेतातून हाकललं होतं.

म्हणून लिहितेय.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. माहेर केंदूर, दिलेली मांडवगण फराट्याला. दुपारची जेवणं उरकली की लसूण सोलत मोबाईलवर भुताचे सिनेमे बघायची. एकही सोडला नाही. एकही धड आवडला नाही.

दार करकरलं, धूर आला, कानठळ्या बसवणारं म्युझिक सुरू झालं की म्हणायची, "ह्यांच्याकडं सांगायला काय न्हाई, म्हणून वरडत्यात."

तिचं म्हणणं साधं होतं. भूत दिसलं की भीती संपली. मेलेली बाई कोण होती, तिचं काय झालं, आणि घरात कुणाकुणाला ते माहीत होतं, हे हळूहळू उलगडलं पाहिजे.

उलटे पाय दाखवायला डोकं लागत नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी हा डायरेक्टर पुण्याहून टीम घेऊन आला. आत्याच्या उसाच्या कडेची जुनी विहीर त्याला शूटिंगला हवी होती. आपला सिनेमा नेहमीसारखा नाही, सुपरनॅचरल मिस्टरी आहे, इंटरनॅशनल लेव्हलचा आहे, असं बरंच बोलला. आत्याने हौसेने परवानगी दिली. वर अख्ख्या युनिटला पिठलं-भाकरी. सेल्फी त्याच दिवशीचा.

दुसऱ्या दिवशी मीही गेले होते. पांढरी साडी, मोकळे केस, तोंडाला मैदा फासल्यासारखा मेकअप. हिरोईन विहिरीच्या कठड्याजवळ उभी. इंटरनॅशनल लेव्हल.

डायरेक्टर माइकवरून म्हणाला, "सिंधू, आता बाळाचा गळा धर."

आत्या उठली.

सिंधू ही तिची खरीखुरी धाकटी जाऊ. मी जन्मायच्या आधी त्याच विहिरीत गेलेली. मागे तान्ही मुलगी. टपरीवर कुणीतरी डायरेक्टरला ही गोष्ट सांगितली आणि या महाभागाने तिला पोरं खाणारी चेटकीण केलं. नाव बदलायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत.

आत्याने आवाज चढवला नाही.

"पाय घसरून पडली, आसं आम्ही गावाला सांगितलं. पर त्या दिशी सकाळी, ती अंगणात भांडी घाशीत हुती तवाच, सासूबाईंनी भाकरीचं पीठ एका माणसाचं कमी काढलं. मी बघितलं. इचारलं न्हाई."

भर उन्हात सगळं युनिट गार पडलं. हिरोईन कठड्यापासून मागे सरली आणि तिने केस बांधले.

आणि हा माणूस म्हणाला, "वाव. आत्या, हे वापरू का?"

"तिची लेक हाय वरवंडला. आधी तिला कळंल. आन् ते सांगायचं काम माझं हाय, तुमचं न्हाई. सामान उचला."

गाव नाराज झालं. सिनेमात गाव दिसणार म्हणून लोकांनी आधीच स्टेटस ठेवले होते. दोन पुढारी समजूत काढायला आले, चहा पिऊन परत गेले.

त्याच आठवड्यात आत्या मला घेऊन वरवंडला गेली. सिंधूची मुलगी, आत्याच्याच मांडीवर वाढलेली सुनीताताई, तिथे शिवणकाम करते. आत्याने सगळं सांगितलं. "मीबी त्याच घरात सून हुते, भ्याले," हेही सांगितलं.

सुनीताताईने मशीन थांबवलं. एवढंच म्हणाली, "मला मांडीवर घेऊन तुम्ही इतकी वर्षं काय सांगत हुता मग?"

आम्ही चहा न घेता परतलो.

सिनेमा दुसऱ्याच कुठल्यातरी विहिरीवर झाला. नाव बदललं, उलटे पाय तेच. मी आत्याला मोबाईलवर लावून दिला.

इंटरव्हलच्या आधीच घोरायला लागली.

सुनीताताई वर्षभर बोलली नाही. मग एका दुपारी आपणहून मांडवगणला आली. म्हणाली, "आई मेली कशी ते कळलं. आता जगली कशी ते सांगा."

आत्या सांगत गेली. सिंधू शिट्टी वाजवायची. दिराची सायकल चोरून चालवायची, पडायची आणि स्वतःच हसत बसायची. मुलगी झाली म्हणून घर गप्प होतं, तेव्हा हिने एकटीने गूळ वाटला.

सुनीताताई येत राहिली. माफ केलं, असं कधी म्हणाली नाही. आत्यानेही विचारलं नाही.

शेवटी दौंडच्या हॉस्पिटलमध्ये मात्र उशाशी तीच होती.

काल नदीवरून परतताना ती मला म्हणाली, "आता आईचं सांगणारं कोण न्हाई राहिलं."



आत्या, सावकाश जा. सिंधू भेटली तर सांग, लेकीला सगळं कळलंय.

तुला शेवटचा नमस्कार.