ताईची यादी आणि तांबडी चौकट

माझ्या ताईला आमच्या भागात सगळे रक्तवाली बाई म्हणतात. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो, पण बाई गाईपेक्षा गरीब आहे. चौतीस वर्षं रुग्णालयात नर्स होती. एकदा तिच्या वॉर्डात एक बाळंतीण पुरेसं रक्त न मिळाल्यामुळे गेली. तिचा गट दुर्मिळ होता; ताईचाही तोच, पण ताईनं दिलेली एक पिशवी पुरली नाही. तोच गट असलेला माणूस रुग्णालयासमोरच्याच इमारतीत राहतो, हे ताईला आठवड्यानंतर कळलं. तिनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही आणि तिसऱ्या दिवशी यादी करायला घेतली.

त्या गटाची एकेचाळीस माणसं तिनं शोधून काढली, आणि यादीचे नियमही स्वतःच ठरवले. यादी एकाच ठिकाणी राहील, लोकांची नावं चव्हाट्यावर जाणार नाहीत. एकदा कोणी नाही म्हटलं की त्याला पुन्हा विचारायचं नाही. आणि तिसरा नियम असा, की रक्त दिलेल्या माणसानं यादीतल्या पुढच्याला स्वतः फोन करून सांगायचं, "मी दिलं, आता तुमचा नंबर." पुढच्याला जमणार नसेल तर त्यानं त्याच्या पुढच्याला सांगायचं. म्हणून प्रत्येकाकडे फक्त पुढच्याचा फोन असायचा. ताई म्हणायची, म्हाताऱ्या नर्सला लोक टोलवतात, पण नुकताच दंडाला कापूस लावून आलेल्या माणसाला टोलवायला जीभ रेटत नाही.

आता माझं सांगतो. मी ताईचा धाकटा भाऊ. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान तीस वर्षं चालवलं. डोक्यात राख घालून घेण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, म्हणून ताई मला लहानपणापासून भडक्या म्हणते. माझा रक्तगटही तिचाच. दहा वर्षांपूर्वी तिनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मनाई केली आहे. डॉक्टरांनी कसली मनाई करायची, मी त्यांना विचारलंच नव्हतं. विजेचा झटका मी हसत खाईन, पण सुई पाहिली की माझे पाय लटपटतात. ताईनं मान हलवली आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. तिच्या नियमानं मी सुटलो, आणि सुटल्याचा मला आनंदच झाला. पासष्टी उलटल्यावर तिचं स्वतःचं रक्त घेणं बंद झालं, तेव्हाही मी गप्पच राहिलो.

त्याची भरपाई म्हणून की काय, तिची यादी कॉम्प्युटरवर चढवायचं काम मी अंगावर घेतलं; नावं मात्र तिनं स्वतःच भरली, मलाही दाखवली नाहीत, नियम म्हणजे नियम. जुनी वही चहा सांडून चिकटली होती, ती मी रद्दीत दिली. कॉम्प्युटरवर एक अँटिव्हायरस टाकला, तीन महिने फुकट वापरायचा. तीन महिने संपले आणि त्यानं थैमान मांडलं. दर तासाला पडद्यावर तांबडी चौकट यायची, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, लगेच नूतनीकरण करा. ताई बिचारी दर वेळी मला फोन करायची. पंधरा दिवसांत माझं टाळकं सटकलं. मी तिला बजावलं की तांबडं काही दिसलं की वाचत बसू नकोस, बंद करून पुढे जा, आणि विचारलंच तर "तरीही उघडा" म्हण. ही अक्कल मी दिली, दुसऱ्या कोणी नाही.

पुढे तो अँटिव्हायरस मी काढूनच टाकला. घरच्या माणसाला कशाला हवेत हे चोचले, कॉम्प्युटरबरोबर आतून जे संरक्षण येतं ते पुष्कळ झालं, असं मी छाती पुढे काढून सांगितलं. यादीची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि तो कॉम्प्युटरला लावूनच ठेवला, म्हणजे हरवायला नको. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

त्या बुधवारी सकाळी साडेनऊला ताईला एक ईमेल आली. रुग्ण गंभीर आहे, कागद सोबत जोडले आहेत, एवढंच त्यात होतं. मागणी आली की आधी उघडायची आणि मग चौकशी करायची, ही तिची नर्सपणापासूनची सवय. तिनं कागद उघडले. तांबडी चौकट आली. तिनं ती न वाचता "तरीही उघडा" केलं. काहीच दिसलं नाही, म्हणून ती भाजी चिरायला उठली.

दहा वाजता रक्तपेढीतल्या बाईंचा फोन आला, आणि हा खरा होता. एक बाळंतीण होती, दुसरं बाळंतपण, गट तोच. संध्याकाळी ऑपरेशन. पेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती. दोन माणसं हवी होती, आणि तपासण्यांना वेळ लागतो म्हणून दोन वाजायच्या आत हवी होती. ताईनं यादी उघडायला घेतली, तर यादीच्या नावापुढे भलत्याच अक्षरांचं शेपूट लागलेलं, आणि पडद्यावर एक चिठ्ठी की तुमच्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत, पैसे भरा.

तिचा फोन आल्यावर मी पोचलो तेव्हा ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, हात मांडीत घट्ट धरून. चौतीस वर्षांत रक्ताची थारोळी पाहिलेली बाई, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी मोठ्या ऐटीत पेनड्राइव्ह उघडला. तो लावलेलाच होता, त्यामुळे त्यातल्या प्रतीलाही तेच शेपूट.

मग मी माझ्या स्वभावाला जागलो. भडकलो. कोणाचंही काहीही कशाला उघडतेस, तुला काही कळतं की नाही, असं तिलाच फैलावर घेतलं. मी माझ्या ओळखीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंना फोन लावला. त्यांनी आधी इंटरनेटची वायर काढायला लावली आणि मग एकेक विचारत गेल्या. या कुलपाची किल्ली आज तरी कोणाकडे नाही, आणि पैसे भरले तरी मिळेल याचा भरवसा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे विकतचा अँटिव्हायरस हवा होता तर.

"आतला पुरेसा होता," त्या म्हणाल्या. "त्यानं वेळेवर ओरडून सांगितलं होतं. ओरडलं की दुर्लक्ष करा, हे त्यांना शिकवलं कोणी?"

फोन स्पीकरवर होता. ताई माझ्याकडे पाहत होती. लांडगा आला रे आला म्हणून तो अँटिव्हायरस दर तासाला खोटं ओरडत होता, आणि खरा आला त्या दिवशी कान बंद ठेवायचे हे मी तिला पढवून ठेवलेलं. वर तिलाच बोल लावत होतो. मला माझीच शरम वाटली. साडेअकरा वाजले होते.

ताई उठली. तिचा फोन जुना बटणांचा, त्यात नावं साठवलेली नव्हती, पण शेवटचे दहा फोन राहतात. खाली खाली जात ती एका नंबरवर थांबली. तो सुताराचा होता. त्यानं गेल्या महिन्यात रक्त दिलं होतं आणि नंतर सहज खुशाली विचारायला फोन केला होता. यादीत त्याच्यापुढे नऊ जण उरले होते. ताईनं त्याला सांगितलं की यादी गेली, दोन माणसं हवीत, पुढे निरोप दे, आणि जो निघेल त्यानंही आज न थांबता पुढे फोन करायचा.

एवढं झालं आणि आमच्या हातातलं सगळं संपलं. निरोप कोणापर्यंत पोचला, कोणापाशी अडला, कळायला मार्ग नव्हता. कोणाचा फोन बदलला असेल, कोणी परदेशी गेलं असेल, कोणी मेलंही असेल. एक कडी तुटली की पुढचं सगळं बंद. ताई फोनकडे बघत बसली होती. मी चहा केला, तो तसाच निवला.

आणि मी मनात हिशेब करत होतो, नाही असं नाही. दोन माणसं हवीत, आणि त्यातला एक इथे तिच्यासमोर पाय हलवत बसलाय. काखेत कळसा म्हणतात तसा. चार वेळा शब्द ओठांपर्यंत आला. चारही वेळा मला ती सुई दिसली, आणि सुईपेक्षा जास्त दहा वर्षांपूर्वीचं माझं खोटं दिसलं. आज येतो म्हटलं की ते उघडं पडणार. ताईनं मला विचारावं, एकदाच, अशी मी वाट पाहत होतो. तिनं विचारलं नाही. तिचा नियम होता.

साडेबाराला फोन वाजला. बस चालवणारी एक बाई होती. ती रक्तपेढीत पोचली होती, तिची तपासणी झाली होती, आणि पुढचा निरोप तिनं दिला होता. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. एक तरी मिळाली होती.

मग पुन्हा काही नाही. पाऊण. एक. रक्तपेढीतल्या बाईंनी विचारलं, दुसऱ्याचं काय. ताई म्हणाली, येतोय. खोटं बोलताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. फोन ठेवून ती भिंतीला टेकली आणि पुटपुटली की वॉर्डात गेलेल्या त्या बाळंतिणीचंही दुसरंच बाळंतपण होतं. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

एक वाजून दहा मिनिटांनी माझ्या खिशातला फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडे कोणी पोहणं शिकवणारे होते, धापा टाकत बोलत होते. त्यांना कालपासून ताप होता, त्यामुळे त्यांचं रक्त चालणार नव्हतं. मागचे चार जण या ना त्या कारणानं गळाले होते.

"माझ्याकडे पुढचा म्हणून तुमचाच फोन आहे," ते म्हणाले. "आता तुमचा नंबर."

मी हो म्हटलं की काय म्हटलं, आठवत नाही. फोन बंद करून ताईकडे पाहिलं. ती माझ्याचकडे बघत होती.

"माझं नाव काढलं नव्हतंस?"

"तू डॉक्टरांच्या नावानं नाही म्हणालास," ती म्हणाली. "स्वतःच्या नावानं म्हणाला असतास, तर त्याच दिवशी काढलं असतं."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दहा वर्षं तिनं मला यादीच्या तळाशी ठेवलं होतं, सर्वांत शेवटी, म्हणजे माझ्यावर वेळ आलीच तर सगळ्यांनंतर यावी. मी चपला घातल्या. कुलूप तिनं लावलं.

रक्तपेढीत दोनला सात मिनिटं कमी होती. बस चालवणारी बाई दंडाला कापूस लावून बाहेर बाकावर बसली होती, तिनं मला पाहून सरकून जागा दिली. पेढीतल्या बाईंनी फॉर्म पुढे ठेवला आणि वेळ नाही म्हणून स्वतःच एकेक प्रश्न वाचू लागल्या. वय अठ्ठावन्न. वजन. गोळ्या चालू आहेत का. ताई माझ्या खुर्चीमागे उभी होती.

"याआधी कधी डॉक्टरांनी रक्त द्यायला मनाई केली होती?"

माझ्या खांद्यावर ताईचा हात होता. तो हलला नाही.

"नाही," मी म्हटलं. "कोणीच केली नव्हती."

बाईंनी तसं लिहून घेतलं आणि मला बाही वर करायला सांगितली.