राखीव रस्ता

बाहेर जेसीबीने इंटरनेटची केबल तोडली, तरी दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवरची रांग पुढे सरकतच राहिली. राउटरवरचा एक दिवा विझला आणि शेजारचा, राखीव लाइनचा, लुकलुकू लागला. केवढा हा विजय, आणि रांगेत कुणाला पत्ताही नाही! मागे उभं राहून सदैव तयार असणं, ही माणसातही दुर्मिळच गोष्ट.

इथल्याच संगणक विभागातून निवृत्त झालेला मी रक्तदाब तपासायला आलो होतो. राउटर एकमेकांना विचारून माहिती पाठवायचे रस्ते शोधतात, पण हाताने लिहून दिलेल्या रस्त्याला आधी मान देतात. म्हणून हाताने लिहिलेल्या राखीव रस्त्याला मुद्दाम खालचा क्रम द्यायचा असतो. नोकरीत असताना एकदा मी तो द्यायला विसरलो. सगळं काम मंद राखीव लाइनवर जाऊन दिवसभर खोळंबलं. ठपका मी हाताखालच्या सुलभाबाईंवर ठेवला. त्यांची बढती अडली. आजची राउटरची मांडणी त्यांचीच.

सुलभाबाई खिडकीशी आल्या तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, तेव्हाची चूक माझी होती."

"मला त्याच दिवशी कळलं होतं, साहेब. तुम्हीच उशिरा पोचलात."

"लेखी देतो."

"द्या. मोठ्या अक्षरात!"

मी तिथेच लिहून सही केली. त्यांनी ते रांगेला खणखणीत वाचून दाखवलं, आणि मी मान ताठ ठेवून ऐकलं.