सारजाबाईंनी न म्हटलेलं वाक्य

बिडकीनच्या सारजाबाई वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी सिनेमात आल्या, त्या अडचणीला धावून. त्यांचा मुलगा सुदर्शन चितेगावच्या कंपनीत कामाला. सुट्टीच्या दिवशी तो मित्र कृष्णाच्या मदतीनं वीस मिनिटांचा सिनेमा करत होता. कृष्णा लग्नांचं शूटिंग करायचा, कॅमेरा त्याचाच. सिनेमात आईचं काम करणाऱ्या बाईंनी गोष्ट कळल्यावर ऐनवेळी येणं टाळलं.

"मी बसू का?" सारजाबाई म्हणाल्या.

गोष्ट साधी होती. एका मुलाचं दुसऱ्या मुलावर प्रेम आहे. जेवता जेवता तो आईला ते सांगतो आणि आई त्याला घराबाहेर काढते. गोष्ट आपलीच आहे, एवढं मात्र सुदर्शननं आईला सांगितलं नव्हतं. पाच वर्षं तो शब्द जुळवत होता. आता नाही म्हणायलाही त्याला कारण सुचेना.

मुलाचं काम तोच करत होता. समोर ताटात पिठलं-भाकरी, कॅमेरा स्टँडवर. त्यानं वाक्य म्हटलं, "आई, मला तो आवडतो. मी दुसऱ्या कुणाशी लग्न करणार नाय."

आता सारजाबाईंनी म्हणायचं होतं, "ऊठ ताटावरून, चालता हो." त्या ताटाकडंच बघत बसल्या.

"आई, म्हण ना. पाठ नाय झालं का?"

"पाठ हाय. पर भरल्या ताटावरून वैऱ्यालाबी उठवत नसत्यात. कुणी लिवलं हे?"

"मी."

"मंग तुला आई कळलीच नाय." मग त्यांचं लक्ष त्याच्या ताटाकडे गेलं. "अन् तू एक घासबी कामून मोडला नाय? ही गोष्ट तुझीच हाय व्हय?"

सुदर्शननं मान हलवली. डोळे भरले होते.

"अन् दुसरा कोण?"

त्याची नजर कॅमेऱ्यामागं गेली. कृष्णा खाली मान घालून उभा होता. सारजाबाईंनी फळीवरचं दुसरं ताट काढलं, भाकरी वाढली. "ये रे. इतकी वर्षं येतोस अन् नुसता चहा पिऊन पळतोस. बस."

कॅमेरा बंद करायचं कुणाला सुचलं नाही. सिनेमाचा शेवट तोच झाला.

शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका छोट्या सभागृहात तो दाखवला, तेव्हा माणसं भिंतीला टेकून उभी होती. पडदा विझला आणि टाळ्या थांबेचनात. सारजाबाईंचा धाकटा भाऊ काकासाहेब शेजारीच बसला होता. गेली तीन वर्षं तो भाच्यासाठी स्थळं आणत होता. तो वाकून कुजबुजला, "अक्का, लोकांला सांग, हे निस्तं नाटक व्हतं."

तेवढ्यात कुणीतरी सारजाबाईंच्या हातात माईक दिला.

"मला अभिनय-बिभिनय येत नाय," सारजाबाई म्हणाल्या. "जे झालं ते दिसलं तुम्हाला. हा माझा सुदर्शन अन् त्यो त्याचा कृष्णा. अन् काकासाहेब, तू आता पोरी बघणं थांबव. पोराचं ठरलंय."

सभागृह हसलं, उठून उभं राहिलं. सुदर्शन कृष्णाचा हात धरून पुढं आला. एवढ्या लोकांत त्यानं तो कधी धरला नव्हता.

काकासाहेब बराच वेळ टोपी नीट करत राहिला. मग घसा खाकरून कृष्णाकडे वळला.

"गाव कोणतं म्हणालास, बाबा? अन् घरी कोण कोण असतंय?"