त्रेसष्ट असमाधानी माणसं

ज्योत्स्ना सिस्टरला गोड बोलता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अकरा वर्षं झाली, ती आमच्या गावच्या उपकेंद्रात नर्स आहे. मूळची जालन्याच्या मस्तगडची, आता चाळिशी ओलांडलेली. कुंभार पिंपळगावात खोली करून राहते आणि रोज सात किलोमीटर स्कूटी मारत आमच्याकडं येते. आल्याबरोबर पहिलं काम म्हणजे कुणावर तरी ओरडणं.

सर्जेराव बीपीची गोळी कोंबड्यांपुढं टाकतो, हे तिला कळलं. तेव्हापासून ती त्याच्या दारात उभी राहते, गोळी तोंडात गेल्याचं बघते, वर "आ करा" म्हणून जीभही उचलायला लावते. सर्जेराव माजी सरपंच आहे. त्याला जीभ उचलायला लावणारं दुसरं माणूस अजून जन्मायचंय. चांगुणाबाईला शुगर आहे. तिच्या पायाची जखम चिघळली तेव्हा एका दवाखान्यात बोटं काढावी लागतील म्हणून सांगितलं होतं. मोठ्या डॉक्टरांना विचारून सिस्टर पाच महिने एक दिवसाआड तिच्या ओसरीवर मांडी घालून बसली. पाय मांडीवर घेऊन धुतला, पट्टी बांधली आणि सगळा वेळ गुळाच्या चहावरून तिची खरडपट्टी काढली. पाचही बोटं जागेवर आहेत.

मी रामकिसन, निवृत्त पोस्टमन. अक्षर वळणदार, म्हणून गावातले सगळे अर्ज माझ्याकडं येतात. सिस्टर दर गुरुवारी माझं बीपी बघते आणि मीठ कमी करा म्हणते. मी हो म्हणतो.

गेल्या फेब्रुवारीत तालुक्यावरून ऐंशी फॉर्म आले. वर छापलेलं होतं, 'रुग्ण समाधान पाहणी'. पाच चौकोन होते, 'पूर्ण समाधानी' इथपासून 'पूर्ण असमाधानी' इथपर्यंत, आणि खाली कारण लिहायला दोन ओळी. आमच्या गावची आशा सेविका वंदना फॉर्मांचा गठ्ठा माझ्याकडं ठेवून बहिणीच्या बाळंतपणाला निघून गेली. ती गावात असती तर पुढचं काही घडलं नसतं.

फॉर्मांची चर्चा रखमाजीच्या गिरणीत झाली. दळण ठेवून सगळे उभेच होते.

"चांगलं लिव्हलं की बाई गेली म्हनून समजा," रखमाजी म्हणाला.

रखमाजीकडं पुरावा होता. राधेश्याम गुरुजींना आदर्श शिक्षक करा म्हणून आम्ही ठराव पाठवला होता. त्यांना पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आला आणि दोन महिन्यांत त्यांना तालुक्याच्या ऑफिसात नेऊन बसवलं. पुंजाराम वायरमनच्या कौतुकाचं पत्र दिलं, तर तोही मोठ्या गावाला गेला. उलट एका कर्मचाऱ्याविरुद्ध आम्ही चार वेळा तक्रार केली. चारही वेळा चौकशी झाली. तो नऊ वर्षं आमच्याकडून हलला नाही.

"मंग सिस्टरची तक्रारच करा," सर्जेराव म्हणाला. "दाबून करा."

मी सरकारी नोकरीत चौतीस वर्षं काढली आहेत. तरी मलाही ते पटलं.

दोन दिवस माझ्या ओट्यावर रांग होती. त्रेसष्ट फॉर्म मी स्वतः भरले. वेळेवर येत नाहीत. गोळ्या देत नाहीत. लहान पोरांना घाबरवतात. उद्धट बोलतात. यातलं शेवटचं तेवढं खरं होतं. चांगुणाबाई पांढरीशुभ्र पट्टी बांधलेला पाय पुढं करून बसली.

"काय लिहू, माय?"

"लिव्ह, पायाला हात लावत न्हाई."

आम्ही दोघंही हसलो. मी झकास अक्षरात लिहून टाकलं.

मार्चच्या मध्याला वंदना तरातरा गिरणीत आली. डोळे लाल झालेले होते.

"कोनी लिव्हलं हे? सिस्टरचा करार एकतीसला संपून राह्यलाय. मार्क कमी पडले म्हनून पुढची ऑर्डर थांबवली त्यायनी."

"कसला करार?" रखमाजीनं विचारलं. "बाई सरकारी हाय ना?"

"कंत्राटी हाय! अकरा महिन्याची ऑर्डर निघती, दर साली नवी. तुमच्या गुरुजीसारखी बदली न्हाई होत तिची. घरी बसवतेत."

म्हणजे दर वर्षी या बाईची नोकरी संपत होती, आणि गावाला पत्ता नव्हता. मला लाज वाटली. मग रखमाजीचा राग आला, जसं काही पेन रखमाजीच्याच हातात होतं.

"सिस्टरला माहीत हाय?" मी विचारलं.

"सगळे फॉर्म वाचलेत तिनं. पंधरा दिवस झाले."

औषधांच्या पाकिटांवर 'सकाळ', 'संध्याकाळ' असं मोठ्या अक्षरात लिहायचं काम तिनंच मला लावलेलं होतं. माझं अक्षर ती झोपेतसुद्धा ओळखेल. या पंधरा दिवसांत दोन गुरुवार येऊन गेले होते. दोन्ही गुरुवारी ती आली, दंडाला पट्टा बांधला आणि मीठ कमी करा म्हणाली.

मी त्याच दिवशी तालुक्याला अर्ज लिहिला. सगळ्या गावानं सह्या-अंगठे केले. आठवड्याभरात चौकशीला साहेब आले. उपकेंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. सिस्टर कोपऱ्यात लसीचा डबा पुसत उभी होती आणि कुणाकडंच बघत नव्हती.

"आधी त्रेसष्ट जण असमाधानी," साहेब म्हणाले. "आता सगळं गाव समाधानी. खरं काय धरू?"

रखमाजीनं गुरुजींपासून वायरमनपर्यंत सगळी हकिगत सांगितली. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे बाई चांगलं काम करते, म्हणून तुम्ही वाईट लिहिलं?"

"बराबर!" रखमाजी म्हणाला. साहेबांना पटकन समजलं याचा त्याला आनंद झाला होता.

तेवढ्यात चांगुणाबाईनं चप्पल काढली आणि पाय उचलून साहेबांच्या टेबलावर, थेट फायलीवर ठेवला.

"मोजा."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. मग खरोखरच मोजली. "पाच."

"लिव्हा मंग."

मी पुढं झालो. "साहेब, अक्षर माझं आहे. बरीच कारणंही मीच रचली. कारवाई माझ्यावर करा."

"तुम्ही काय करता?"

"निवृत्त आहे."

"मग काय कारवाई करू तुमच्यावर?" साहेब वैतागून म्हणाले आणि सोबतच्या कारकुनाला सगळ्यांना पुन्हा एकेक करून विचारायला बसवलं. सर्जेरावनं याही फॉर्मवर 'उद्धट बोलतात' लिहायला लावलं. वरचा चौकोन मात्र 'पूर्ण समाधानी'चा होता.

एकतीस मार्चला उपकेंद्राला कुलूप लागलं. एप्रिलचे पहिले नऊ दिवस ते तसंच होतं. दहाव्या दिवशी स्कूटी आली. अकरा महिन्यांची ऑर्डर निघाली होती.

त्या गुरुवारी ती माझ्या घरी आली. मी चार दिवस शब्द जुळवत होतो, ऐनवेळी सगळे विसरलो.

"सिस्टर, लई चुकलं आमचं."

"हात सैल सोडा."

"तुमी माझं अक्षर वळखलं होतं ना?"

"हो."

"मंग एका शब्दानं बोलल्या का न्हाई? अन् करारावर हाय, एवढं तरी सांगायचं अकरा वर्षात."

तिनं आकडा वहीत लिहिला, पट्टा सोडवला.

"कुणी विचारलं कधी?"

आवाजात राग नव्हता. बीपी सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

अकरा वर्षं ती आम्हाला विचारत होती. झोप लागते का, पोट साफ होतं का, सून वेळेवर जेवायला वाढते का. माझी बायको गेली तेव्हा सगळ्यांनी मला धीर धरायला सांगितलं. रडलात का, असं फक्त तिनं विचारलं, आणि मग मी रडलो. त्या बाईचं लग्न झालंय की नाही, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

"घरी कोन कोन असतं तुमच्या?" मी विचारलं.

तिनं घड्याळ बघितलं. मग खुर्ची ओढून बसली.

"आई असते, मस्तगडला. दोन वर्षं झाली, अंथरुणावर आहे. तिचं सगळं शेजारीण करते."