पाळणा कुठल्या घरचा

भवानीच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला बसण्याआधी बसायच्या जागेची कुळकथा ऐकावी लागे. हा बाक ओरत्तनाडूच्या एका वकिलाच्या पडवीतला, पक्षकार बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेला. जाळीच्या दारांचं ते कपाट एका कॉफीक्लबातलं. चारदा धुतलं, उन्हात घातलं, तरी हवा दमट झाली की त्यातून वड्यांचा वास येतो. भिंतीवरचा आरसा नाच शिकवणाऱ्या एका बाईंचा. त्याचा खालच्या बाजूचा पारा उडालेला, त्यामुळे माणूस घोट्यापर्यंत दिसतो आणि पाय गायब. येणारा माणूस हे सगळं उभ्यानं ऐकायचा आणि मग, बसलं तर चालेल ना, अशा चेहऱ्यानं बसायचा. बसलं की मात्र उठवत नसे, इतका तो बाक सुखाचा होता.

तंजावरात मेलवीधीच्या मागच्या गल्लीतलं ते भाड्याचं घर भवानीच्या आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर. मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवण्यात तिची उमर गेली, आणि राहणं थोरल्या भावाकडे, बाळकृष्णरावांकडे. भाऊ वाईट नव्हता, वहिनीही नव्हती. पण त्या घरात नवी वस्तू आली की तिच्याबरोबर वहिनीचा आवाजही यायचा, भवानी, जरा जपून गे. नव्या सोफ्यावर जपून, नव्या टेबलावर जपून. जपता जपता पन्नाशी उलटली. मग कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत वेंकटरावांचा विषय निघाला. शेतीखात्यातून निवृत्त, बायको जाऊन पाच वर्षं झालेली, एकच मुलगी, तीही त्रिचीला दिलेली. ह्या वयात हे काय, असं चार जण म्हणाले. चौघांनीही लग्नाला येऊन पुरणाची बोळी खाल्ली.

वेंकटरावांच्या पहिल्या संसारातलं सामान मुलीकडे गेलं होतं. ते म्हणाले, नवा सोफासेट घेऊ. भवानी नको म्हणाली. जुन्या वस्तूवर पहिला ओरखडा कोणीतरी आधीच काढलेला असतो, मग वापरायला भीती राहत नाही, असं तिचं म्हणणं. वेंकटरावांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण बाक आला त्या दुपारी ते त्यावर तासभर झोपले.

कीळवासलला मणीचं जुन्या सामानाचं दुकान. पाडायला काढलेल्या घरांतून तो दारं, खांब, कपाटं उचलून आणायचा. भवानी हात लावून, ठोकून, वास घेऊन बघायची आणि मग हटकून विचारायची, कुठल्या घरचं? चांगल्या घरचं अम्मा, असं मणी म्हणे. तेवढ्यानं तिचं भागत नसे. घर कुठलं, माणसं कोण, विकलं का, हे कळल्याशिवाय ती वस्तू उचलत नसे. मणी कंटाळून चार फोन करायचा. त्याच्या मते ही बाई कपाट घ्यायला येत नव्हती, कपाटाची सोयरीक जुळवायला येत होती.

हा सगळा संसार बऱ्यापैकी लागला तेव्हा वेंकटरावांच्या मुलीला, हरिप्रियाला, दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी. पण माहेर कुठलं? हरिप्रिया दोन वर्षांत ह्या घरी दोनदा आली होती, दोन्ही वेळा कॉफी पिऊन परत. भवानीला ती कुठल्याच नावानं हाक मारत नसे. हे बघा, असं म्हणून वाक्य सुरू करायची. वेंकटरावांची थोरली बहीण विशालाक्षी, सगळ्यांची अक्का, हिनं तर ठरवूनच टाकलं होतं की पोर तिच्याकडे येणार. तिनं स्वतः तीन मुलगे वाढवले होते, सुनांची बाळंतपणं केली होती. बाळंतिणीला लेह्यम, ते औषधी चाटण, कधी आणि किती द्यायचं ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. भवानीला काय ठाऊक? हे ती बोलायची नाही, पण भवानीसमोर ते अंथरून ठेवायची.

हरिप्रिया फोनवर म्हणाली, पाहू. सातवा लागला की येईन, मग ठरवीन.

भवानीला ती यायला हवी होती. इतकी हवी होती, की हे ती नवऱ्याशीही बोलली नाही. मागची खोली तिनं रिकामी केली, खिडकीचे गज घासले, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. आणि एका दिवशी मणीच्या दुकानात गजांच्या ढिगामागे तिला तो पाळणा दिसला. सागाचा, कातीव दांड्यांचा, चारी कोपऱ्यांना लाकडाचे पोपट. एकाही पोपटाची चोच तुटलेली नाही. तिनं पोपटावरची धूळ पदरानं पुसली आणि पैसे देऊन टाकले. कुठल्या घरचा, हे तिनं विचारलं नाही. मणीनंच डोळे वर करून पाहिलं, पण विचारत नाही तर बरंच म्हणून गप्प राहिला.

पाळणा मागच्या खोलीत टांगला त्याच संध्याकाळी अक्का आली. अक्का पाळण्याला तोट्टिलच म्हणायची. ती दारातच थांबली.

"कोणाकडून आणलीस गे हे तोट्टिल?"

मणीकडून, म्हणून भवानीनं सांगितलं.

"तोट्टिल कोण विकतं? पोरं जगली-वाढली तर घरचे ठेवून घेतात. मागेल त्याला देतात, नारळ ठेवून परत घेतात. विकतं कोण? ज्याला ते डोळ्यासमोर नको तो. मज तरी दुसरं काही सुचत नाही बाई."

वेंकटराव पेपरात तोंड घालून बसले. अक्का पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाली, की ती आता हे हरिप्रियाला कसं सांगणार, आणि न सांगता तरी कसं राहणार.

भवानीचं जेवणावरचं मन उडालं. आपण विचारलं का नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जे उत्तर येईल त्याची भीती होती म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कीळवासलला गेली. मणी म्हणाला, पापनाशमचं घर, रामस्वामी म्हणून आहेत, भाताच्या गिरणीत हिशेब बघायचे. पुढचं त्यालाही ठाऊक नव्हतं. भवानी तिथूनच पापनाशमवरून जाणाऱ्या कुंभकोणच्या बसमध्ये चढली.

घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीवर एक वयस्क बाई तांदूळ पाखडत होती. भवानीनं तमिळमध्ये सुरुवात केली ती पाळण्याच्या कड्यांवरून: एक कडी सैल वाटते, जोडीची दुसरी तुमच्याकडे राहिली आहे का. बाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांचं नाव अंबा. त्यांनी भवानीला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि पाणी पिऊन होईपर्यंत थांबल्या.

"कडीसाठी कोणी तंजावूरहून येत नाही," त्या म्हणाल्या. "त्यात मूल गेलं का, ते विचारायला आलात. आधी घ्यायला आलेले दोघंही हेच विचारून गेले. मग मीच मणीला देऊन टाकला."

भवानी खाली मान घालून बसली.

"त्यात कोणी मेलं नाही अम्मा. त्यात कोणी झोपलंच नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्यांना तिसरा महिना होता तेव्हा त्यांच्या वडिलांनी हौसेनं तो करवला. सुतार घरी बसवून, पोपट स्वतः रंगवून. घाई केली, असं नंतर सगळे म्हणाले. ते पोटातलं राहिलं नाही आणि नंतर काहीच झालं नाही. पाळणा माळ्यावर गेला. दर वर्षी नवरात्रातल्या आयुधपूजेला अंबा तो खाली काढायच्या, तेलाचा हात द्यायच्या आणि परत चढवायच्या. आता गुडघे माळ्यापर्यंत नेत नाहीत. नवऱ्याला, रामस्वामींना, दिसायला कमी झालं. पुसला नाही तर वाळवी लागेल. त्यापेक्षा कोणाकडे तरी जाऊ दे.

"पोपट ठीक आहेत ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

परतीच्या बसमध्ये भवानीनं खोटं रचायला घेतलं. सोपं होतं. पाच मुलं. नको, सात. थोरला बँकेत, दुसरी मदुरैला दिलेली, धाकटा दुबईला. सगळी धडधाकट. म्हातारीला आता नातवंडांचं काही करायचं उरलं नाही म्हणून विकला. अय्यम्पेट्टै मागे पडेपर्यंत सातांपैकी सहा जणांना नोकऱ्या लागल्या होत्या आणि सातवीला मुलगा झाला होता. अक्काला हे पुरलं असतं. कां म्हणजे अक्का पापनाशमला जाऊन विचारणार नव्हती.

रविवारी हरिप्रिया आली, पाय सुजलेले, हातात बांगड्यांच्या रांगा. अक्का आधीच येऊन बाकावर बसली होती. हरिप्रिया थेट मागच्या खोलीत गेली. सगळे तिच्यामागे गेले. तिनं एका पोपटावर बोट फिरवलं.

"विचारलंस का मग?" अक्का भवानीला म्हणाली. "कुठल्या घरचं?"

सातही पोरं भवानीच्या जिभेवर उभी होती. तिनं हरिप्रियाच्या बोटाकडे पाहिलं आणि खरं सांगितलं. सगळं, माळा आणि आयुधपूजेसकट.

अक्का पाळण्यापासून एक पाऊल मागे सरली. मग म्हणाली, मूल गेलेलं परवडलं. हे म्हणजे सगळा जन्म रिकामं राहिलेलं. आणि तिनं भवानीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या पाहण्यात पाळण्याविषयी काही नव्हतं. वेंकटराव पहिल्यांदाच बोलले, अक्का, पुरे. पण त्यांचा आवाज इतका बारीक निघाला, की तो त्यांनाच ऐकू आला असेल.

हरिप्रिया पलंगाच्या कडेला बसली.

"हे बघा," ती भवानीला म्हणाली, "तुम्ही खोटंही सांगू शकला असता."

"रचलं होतं की," भवानी म्हणाली. "सात मुलं. एक दुबईला."

हरिप्रिया हसली. हसताना पोटाला हात लावून थांबली. मग हसू गेलं आणि ती अक्काकडे वळून हळू बोलली.

"अत्ते, अम्मा आजारी होती तेव्हा मी हॉस्टेलात होते. रोज फोन करत होते. तुम्ही बरं आहे म्हणून सांगत होता, अप्पाही सांगत होते. परीक्षा होऊ दे, म्हणून. मी आले तेव्हा अम्मा बोलत नव्हती. तुम्ही माझ्यासाठीच केलंत, मज ठाऊक आहे. पण आता मज जिथं कोणी खरं सांगेल तिथं राहायचंय. मी इथं येते."

अक्कानं बाकावरची पिशवी उचलली आणि ती गेली. तीन आठवडे तिनं ह्या घरात पाऊल टाकलं नाही. मग एका सकाळी लेह्यमाचा डबा घेऊन आली, तो भवानीच्या हातात न देता जाळीच्या कपाटात स्वतः ठेवला, आणि किती द्यायचं ते भिंतीकडे बघत तीनदा सांगितलं. भवानीनं तीनदा ऐकून घेतलं.

मुलगी झाली. नाव गेलेल्या आजीचं, हरिप्रियाच्या आईचं, ठेवायचं ठरलं, अलमेलु. ते सुचवलं भवानीनंच, पण बोलली वेंकटरावांच्या तोंडून. बारशाला पापनाशमला फोन करायची कल्पना हरिप्रियाची. अंबा नको नको म्हणाल्या, त्यांच्यासारखीनं अशा कामाला येऊ नये म्हणाल्या. हरिप्रिया म्हणाली, पोपट बघायला या.

त्या आल्या, एकट्याच, बसनं, फुलांची पुडी घेऊन. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, हात पदराखाली. हरिप्रियानं बाळ त्यांच्याकडे धरलं तर त्या मागे सरकल्या. तेव्हा अक्का पुढं झाली. मान तिचाच होता, तीन मुलांची आई. तिनं बाळ घेतलं. बायका पाळण्याभोवती जमल्या. भवानी दारात उभी होती, हाताला कणीक लागलेली.

अक्का बाळाला घालायला वाकली, आणि अंबांच्या तोंडून निघून गेलं, की डावीकडची साखळी एक कडी लांब आहे, बाळाचं डोकं खाली जाईल. सगळ्या वळून बघायला लागल्या. अंबांनी पुढं येऊन, कोणाची वाट न बघता, साखळी काढली आणि एक कडी वर अडकवली. पाळणा सरळ झाला. मग आपण काय केलं ते कळून त्या तिथंच उभ्या राहिल्या.

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. हातातलं बाळ कुरकुरायला लागलं.

"धरा बाई हिला," ती शेवटी तमिळमध्ये म्हणाली, "माझी कंबर धरली. तुम्हीच घाला आत. कुठल्या बाजूला डोकं ते तुम्हालाच ठाऊक."

अंबांनी बाळ घेतलं. त्यांना मूल धरता येत होतं, मानेखाली हात आपोआप गेला. त्यांनी तिला आत ठेवलं, दुपटं नीट केलं, दांडीवर बोटं ठेवली आणि चटकन काढून घेतली.

"हलवा की," अक्का म्हणाली. "आता रिकामं कुठं आहे." आणि मान न वळवता, मराठीत, "आणि तू काय दारात उभी राहिलीस गे? दोरी कोण धरणार? माझ्या हातात बळ नाही आता."

भवानीनं हात साडीला पुसले आणि ती आत आली.