साडूंनी पाहिलेला फियॉर्ड

माझ्या साडूंइतका दुसऱ्याला बघायला लावणारा माणूस उभ्या खानदेशात झाला नसेल, आणि ते राहतात त्या सुरतेत तर नाहीच नाही. एखादी गोष्ट त्यांना दिसली की ती आसपासच्या सगळ्यांना दाखवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नाही. उधन्याच्या पुलावर त्यांनी एकदा मिलच्या धुराड्यावर बसलेली घार दाखवायला स्कूटर थांबवली. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला, तर "भाई, पहले वो देख ले, रस्ता कहीं नहीं जाता," म्हणत त्यालाही खाली उतरवलं. डुमसच्या किनाऱ्यावर तर ते अनोळखी कुटुंबांना हातातली भजी खाली ठेवायला लावून चिखलातले खेकडे दाखवतात.

त्यांची एकुलती एक मुलगी नॉर्वेत नोकरीला गेली आणि तिथेच घर घेते म्हणाली, तेव्हा मात्र त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. फोन आला की मेव्हणीच्या हातात द्यायचे. शेवटी "मी जातो आणि तिला घेऊनच येतो," असं जाहीर करून ते निघाले. मेव्हणीचे गुडघे दुखत होते, म्हणून सोबतीला मला धाडलं.

मुलीनं आम्हाला फियॉर्डच्या बोटीवर नेलं. दोन्ही बाजूंना सरळसोट डोंगर आणि मधून लांबवर आत शिरलेला समुद्र. साडू तिच्याशी बोलत नव्हते, पण त्यांना गप्पही बसवत नव्हतं. खडकावर लोळणारे सील दिसताच त्यांनी शेजारच्या गोऱ्या आजींची बाही धरली. "तठे दख बहीण, तठे," अहिराणीतच. आजींनी पाहिलं, हसल्या आणि त्यांना कॉफी आणून दिली. मग गरुड दाखवला, धबधबे दाखवले, सबंध बोटीला. मुलगी तेवढी मागे कठड्याशी उभी होती.

थोड्या वेळानं तिनंच हाक मारली. "बाबा, आठे या. तठे दखा."

शाळेत जायला लागल्यापासून घरात गुजरातीतच उत्तर देणारी पोरगी ती. साडू वळले. पाण्यातून डॉल्फिनसारख्या दोन काळ्या पाठी वर आल्या, एक मोठी, तिला चिकटून एक लहान, आणि बुडाल्या. त्या पुन्हा वर येण्याची वाट बघत बापलेक बराच वेळ शेजारी उभे राहिले. मी लांबच थांबलो.

"हे तुला रोज दिसतं?" साडूंनी विचारलं.

"रोज नाही. दिसलं की मी इकडेतिकडे बघते, कुणाला दाखवू म्हणून."

साडूंनी चष्मा काढून शर्टाला पुसला. परत आणण्याचा विषय त्यांनी पुढे काढलाच नाही. उतरताना एवढंच विचारलं, "उन्हाळ्यात इथे रात्रभर उजेड असतो म्हणे. झोपतेस कशी?"

"जाड पडदे लागतात. अजून घेतले नाहीत."

परवा मी त्यांच्यासोबत सुरतेच्या कापड मार्केटमध्ये दुपारभर फिरलो. दुकानदारानं निळ्या कापडाचा तागा उलगडला, तर ते हळूच म्हणाले, "निळा नको. तो तिला खिडकीबाहेर आहे. आपल्याकडचं काहीतरी दाखवा." मग एक हळदी रंगाचं कापड त्यांनी उजेडासमोर धरलं आणि कितीतरी वेळ तसंच धरून उभे राहिले.